कशामा मन लागस का?

या हातांकडे बघा. चेहरा दाखवणार नाही, मावशींना तसा शब्द दिला आहे. बांगड्या कोपराकडे घसरतात, पुन्हा मनगटावर येतात. मागच्या दिवाळीत घट्ट बसत होत्या, असं जाऊबाई सांगतात.

पारोळा तालुका. पुढच्या खोलीत कापूस आढ्याला टेकलाय. यंदा वेचणीला मावशी गेल्याच नाहीत.

पिशवीत कागद आहेत. छातीचा एक्स-रे, ईसीजी, साखरेचा रिपोर्ट. सगळं नॉर्मल. 'आंग दुखस, रातले झोप येत नही,' एवढंच त्या दरवेळी सांगत आल्या. ते खरंच होतं. आपल्याकडे मनाचं दुखणं बऱ्याचदा अंगाच्या नावानेच दवाखान्यात येतं.

या डॉक्टरांनी खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढली. 'कशामा मन लागस का, मावशी?'

हात थांबले.

टेबलावरचा कागद म्हणजे पीएचक्यू-9, नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, चाचपायची प्रश्नावली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल. मुळीच नाही, तर 0. जवळपास रोज, तर 3. बेरीज 27 पर्यंत जाते. 10 किंवा जास्त आली की नीट तपासायचं. नुसत्या बेरजेवर निदान होत नाही. उदासी किंवा कशातच गोडी नसणं, यातलं एक हवंच. झोप, भूक, थकवा, स्वतःला दोष देणं, अशी धरून किमान पाच लक्षणं, दोन आठवडे, जवळजवळ रोज. त्यात रोजची कामंही अडलेली. मग थायरॉइड आणि हिमोग्लोबिन, कारण तिथला बिघाडही माणसाला असाच गळून टाकतो. जाऊबाईंना वेगळं विचारलं: कधी याच्या उलट, झोप नसताना दिवसच्या दिवस भलताच हुरूप? तसं असेल तर आजार दुसरा, औषधही दुसरं.

मग जाऊबाईंना बाहेर बसवलं. नववा प्रश्न.

'मरी जावं असं मनमा येस का?'

विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पण विचारायला कचरतात, डॉक्टरसुद्धा. इथे आम्ही कॅमेरा बंद केला.

सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. बाहेर रांग होती, तरी दिली. एवढा वेळ आधी कुणीच दिला नव्हता.

गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. गोळ्या जाऊबाईंकडे राहतील. टेलिमानस, म्हणजे सरकारची मनाच्या आजारांसाठीची फोन हेल्पलाइन, तिचा नंबर 14416, मराठीत बोलता येतं.

परतीची एसटी. खिडकीकडची जागा मावशींची.