कानावर पडलेलं इंग्रजी लिहिताना

(चोपडा येथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मुलांनो, घरी तुम्ही अहिराणीत ‘काय करी ऱ्हायना भो?’ म्हणता, पण प्राचार्यांना अर्ज लिहिताना ‘भो’ बाहेरच ठेवता. हे भान तुम्हाला कुणी शिकवलं नाही, ते अंगात आहे. इंग्रजीत मात्र ते सुटतं, कारण तिथली बोली आपल्याकडे मालिकांतून, रील्समधून, नुसत्या कानावाटे येते.

माझा एक जुना विद्यार्थी रावेरहून केळी परदेशात पाठवतो. एकदा कंटेनर उशिरा निघाला. दुबईच्या व्यापाऱ्याला पाठवायचा मेल त्याने आधी मला दाखवला. त्यात होतं, ‘वी शुड ऑफ लोडेड अर्लिअर.’ ऑफ म्हणजे ओ-एफ. खरं तर तिथे ‘हॅव’ हवं. बोलताना ‘शुड हॅव’ आखडून ‘शुडव्ह’ होतं आणि तो शेवटचा ‘व्ह’ हुबेहूब ओ-एफसारखा ऐकू येतो. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे तेही इथे चुकतात, म्हणून पोराला मी रागावलो नाही. पण पैशाच्या व्यवहारात अशा वाक्यावर समोरच्याची नजर अडते.

‘यूज्ड टू’, ‘सपोज्ड टू’ यांचंही तसंच. ‘ड’ पुढच्या ‘ट’मध्ये विरघळतो, कानाला कळत नाही आणि कागदावरून गळतो. ‘आय यूज टू लिव्ह इन धुळे’ हे चूक. मागे ‘डिडन्ट’ आलं तर मात्र ‘यूज’ बरोबर.

आता तुमचं लाडकं ‘गॉना’. हे ‘गोइंग टू’चं बोलीरूप. मित्राला ‘आय ॲम गॉना कॉल यू’ खुशाल लिहा. पण ‘आय ॲम गॉना भुसावळ’ चालणार नाही. ‘गॉना’नंतर क्रियापदच येतं, गाव येत नाही. ‘वॉन्ट टू’चं ‘वॉना’ होतं, पण ‘शी वॉना’ही नाही, कारण तिच्यासाठी ‘वॉन्ट्स टू’ लागतं आणि तो ‘स’ आखडत नाही. बोलीलाही नियम असतात, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? ‘आहे’ला ‘शे’, ‘आहेत’ला ‘शेतस’. अहिराणीला व्याकरण नाही असं कुणी म्हटलं तर आपल्याला लागतं, आणि लागायलाच हवं. तोच मान इंग्रजी बोलीला द्या.

काही प्रयोग आपल्याकडे रुळलेत, पण बाहेर अर्थ बदलतो. ‘आय पास्ड आउट इन 2019’ वाचून अमेरिकेतल्या माणसाला वाटेल, तुम्ही बेशुद्ध पडला होता. तिथे ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘प्रीपोन’ भारतातल्या ऑफिसात बिनधास्त वापरा, परदेशी ग्राहकाला मात्र बैठक ठरल्या वेळेच्या आधी ठेवली आहे असं साध्या शब्दांत कळवा.

रावेरच्या त्या मेलमध्ये शेवटी ‘वी शुड हॅव’ असं पूर्ण लिहिलं. रोजच्या ओळखीचा माणूस असता तर आखडलेलं रूपही चाललं असतं, फक्त वरच्या स्वल्पविरामासकट.

आता मोबाइल काढा, तुम्ही पाठवलेला शेवटचा इंग्रजी मेल उघडा आणि त्यात ‘यूज टू’ सापडतं का ते बघा.