निबंध दिसेना, आयकार्ड मात्र दिसतंय!

[कॅमेऱ्याकडे पाहून]

नमस्कार मंडळी. कुठल्याही शाळेचं फेसबुक पेज उघडा. निबंध स्पर्धेत पहिला आलेला मुलगा हातात वही धरून उभा असतो, शेजारी सर आणि सरपंच. आता तो फोटो जरा मोठा करून बघा.

[स्क्रीनवर: या व्हिडिओसाठी बनवलेला नमुना फोटो, एकेक भाग गोल करत]

गळ्यात आयकार्ड. त्यावर पूर्ण नाव, वाडीचं नाव, वडिलांचा मोबाइल नंबर, रक्तगट. मागच्या भिंतीवर शाळा, केंद्र, तालुका, जिल्हा आणि यूडायस नंबर, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक. सगळं लख्ख वाचता येतं. वाचता येत नाही तो फक्त निबंध!

शाळेने मुलांचं लिखाण ऑनलाइन टाकताना लिखाण पुढे यावं, मूल मागे राहावं, एवढंच मला आज सांगायचंय. पण करायला बसलं की त्यात बऱ्याच गाठी लागतात.

पहिली गाठ मालकीची. 1957 चा कॉपीराइट कायदा लेखकाचं वय विचारत नाही. चौथीतल्या मुलीने कविता लिहिली की ती तिची. विषय बाईंनी दिला, वही शाळेने दिली, तरी तिचीच. ती कायद्याने अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालची, म्हणून परवानगीच्या कागदावर सही पालकांची लागते. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, तीही पडताळून घेतलेली. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य तरतुदी त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत. तोवर थांबायचं कारण नाही. जूनमध्ये प्रवेशाच्या गठ्ठ्यात ‘आमची हरकत नाही’ अशी ओळ घुसवून सही घ्यायची, याला मी तरी संमती म्हणणार नाही. कुठलं लिखाण, कुठे, कोणत्या नावाने, हे कागदावर हवं. आणि लिहिणाऱ्या पोरीला विचारलंत का? तिची सही कायद्याला नको असेल, मला हवी.

आता नाव. लेखक म्हणून आपलं नाव असावं, हा हक्कही कायद्यात आहे, आणि छापून आलेलं नाव बघताना पोरांचे चेहरे काय होतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. मग मधला रस्ता: फक्त पहिलं नाव आणि इयत्ता, किंवा मुलाने स्वतः निवडलेलं टोपणनाव. स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रामिंगच्या वेबसाइटवर मुलं गेम बनवून टाकतात, तिथेही खरं नाव वापरू नका असंच सांगितलेलं असतं. सोबत मुलाचा फोटो नको, वहीच्या पानाचा द्या. फोनने काढलेल्या मूळ फोटोत कधी कधी ठिकाणही नोंदलेलं असतं. तो ड्राइव्हवर चढवला तर ठिकाणही सोबत जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करून ठेवा.

[थोडं थांबून]

खरी अवघड गाठ वेगळीच आहे. मुलांचं सगळ्यात चांगलं लिखाण घराबद्दल असतं. आई ऊसतोडीला गेली, बाप पिऊन आला, आजीला जेवण वेगळं वाढतात. दोनशे उंबऱ्यांच्या गावात अशा मजकुरावरचं नाव झाकून काय होणार? शाळेचं नाव वाचलं की घर कळतं. असं लिखाण वर्गात वाचा, त्यावर बोला, जपून ठेवा. ऑनलाइन टाकू नका, मूल हो म्हणालं तरी. मुलाला गावात राहायचंय. आणि मार, भूक असं काही निघालं, तर प्रकाशनाचा विषय तिथेच संपतो. आधी त्या मुलाशी बोलायचं आणि गरज पडली तर 1098 वर फोन करायचा. हा मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर.

मग येतो लाल पेन. समजा, वऱ्हाडातल्या एका पोराने लिहिलं:

[स्क्रीनवर] ‘आमची बकरी पराटीत घुसली अन् माहा बाप मले म्हने, तुले दिसत नाई का?’

आणि शाळेच्या अंकात छापून आलं:

[स्क्रीनवर] ‘आमची शेळी कापसाच्या शेतात शिरली व बाबा माझ्यावर रागावले.’

बकरी गेली, पराटी गेली, बापाचा आवाजही गेला. उरलं ते कुणीही लिहिलं असतं. परीक्षेचा पेपर वेगळा, तिथे प्रमाण भाषा शिकवाच. पण इथे हात लावायचाच असेल तर मुलाला शेजारी बसवून लावा. बोलून टाइप करणाऱ्यांनी जास्त जपा. फोन स्वतःच ‘मले’चं ‘मला’ करून टाकतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि टायपिंग युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर चिन्हांचा भुगा होतो, शोधूनही सापडत नाही.

वाचणार कोण, हाही प्रश्न आहेच. सेलेस्तिन फ्रेने नावाच्या फ्रेंच शिक्षकाने 1920 च्या दशकात बार-स्युर-लू या गावातल्या आपल्या शाळेत एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं स्वतः खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवून आपलं लिखाण छापायची आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवायची. तिकडून उत्तरं यायची. मला हे आजही पटतं. सगळ्या जगासाठी टाकायच्या आधी एक शाळा शोधा. तुम्ही पालघरमधल्या वाडा तालुक्यात असाल तर सावंतवाडीतली चालेल. दोघांनी एकमेकांना पीडीएफ पाठवायची. पन्नास अनोळखी लाइकपेक्षा ‘तुझी बकरी मग सापडली का?’ हा एक प्रश्न मुलाला पुढचं पान लिहायला लावतो.

विज्ञान प्रकल्पांचं थोडक्यात: यंत्र खरंच नवीन असेल आणि पेटंटचा विचार असेल, तर अर्ज आधी, व्हिडिओ नंतर. स्वतःच आधी जगजाहीर केलेली कल्पना पेटंटसाठी सहसा ‘नवीन’ धरली जात नाही.

आणि जाता जाता, हे सगळं चाललंय कोणाच्या खात्यावरून? बहुतेक ठिकाणी एखाद्या उत्साही सरांच्या स्वतःच्या मेलवरून. सरांची बदली झाली की पासवर्डही त्यांच्याबरोबर जातो. उद्या आठवीतली मुलगी म्हणाली, ‘माझी चौथीतली कविता काढा, लाज वाटते’, तर काढणार कोण? शाळेच्या नावाने मेल उघडा, दोघांना वापर द्या. चार्ज देताना खुर्च्या, कपाटं, पोषण आहाराची भांडी मोजून देता ना? त्याच यादीत या खात्याचीही एक ओळ घाला.