मे महिन्यात उभा राहणारा केक

नमस्कार श्रोतेहो.

एक जून जवळ आली. आपल्याकडं एक जूनला घरोघरी वाढदिवस असतात, आणि ते का, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख टाकून दिली, तीच पुढं नोकरीच्या कागदांपासून पेन्शनपर्यंत चालत आली. आता नातवंडं त्याच तारखेला आजोबांपुढं केक ठेवतात. आजोबा थोडे आढेवेढे घेतात, कापतात, आणि पहिला घास नातवालाच भरवतात. सगळं छान. अडचण एवढीच, की ही तारीख आपल्या हवेच्या सगळ्यात वाईट दिवसांत येते. पाऊस आलेला नसतो, परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या वर असतो आणि ऐन दुपारी लाईट जाते. अशा दिवशी घरी केलेला, दोन-तीन थरांचा, बाहेरून क्रीम लावलेला केक संध्याकाळपर्यंत उभा कसा ठेवायचा, त्याबद्दल आज बोलू.

माझ्याकडं केक शिकायला येणाऱ्या बायका पहिल्याच दिवशी विचारतात, ‘ताई, गुलाब कधी शिकवणार?’ मी म्हणते, गुलाब येईल हो, आधी लोण्याला बोट लावून बघा.

केकच्या कृतीत एक वाक्य हमखास असतं: लोणी खोलीच्या तापमानाला आणा. आता खोली कुठली? ज्या थंड मुलुखात ह्या कृती लिहिल्या गेल्या, तिथली खोली असते साधारण 20 अंशांची. आपली मे महिन्यातली खोली, पंखा लावूनसुद्धा, 35 अंशांची. तेवढ्यात लोणी जवळजवळ पातळ होतं. मऊ पण घट्ट लोण्यात साखर फेसली, की साखरेच्या दाण्यांच्या कडा लोण्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे कोंडतात. बेकिंग पावडर नवीन बुडबुडे तयार करत नाही, ती ह्याच बुडबुड्यांना फुगवते. वितळलेल्या लोण्यात हवा राहतच नाही. म्हणून ‘सगळं मापानं घातलं तरी केक फुगंना’ असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, केक किती वाजता केला? उन्हाळ्यात हे काम पहाटे करायचं. भगुनं गार पाण्याच्या परातीत ठेवायचं आणि मग फेसायला घ्यायचं. हिवाळ्यात ह्याच परभणीत पारा एक आकड्यावर येतो, तेव्हा उलटं. लोणी दगडासारखं होतं, ते थोडा वेळ कोवळ्या उन्हात ठेवावं लागतं.

आता वही-पेन घ्या. रेडिओवर मागं जाता येत नाही, म्हणून सावकाश सांगते. लोणी 225 ग्रॅम, साखर 225 ग्रॅम, मैदा 225 ग्रॅम आणि फोडलेल्या अंड्यांचं वजनही 225 ग्रॅम. चारही जिन्नस सारखे, लक्षात ठेवायला सोपं. अंडी साधारण चार ते पाच लागतात. ती मोजू नका, फोडून वजन करा, कारण आपल्याकडची अंडी लहान-मोठी असतात. दोन सपाट चमचे बेकिंग पावडर, दोन-तीन मोठे चमचे दूध, थोडा व्हॅनिला इसेन्स. एवढ्यात 8 इंची दोन डबे होतात. किराणा दुकानातली साखर फार जाड असते, ती मिक्सरमध्ये जरा रवाळ करून घ्या. अगदी पीठ करू नका, कडाच उरल्या नाहीत तर हवा कोंडणार कोण? आणि लोणी विकतचं, मीठ घातलेलं असेल, तर वरून मीठ घालू नका.

वाटीच्या मापाबद्दल दोन शब्द. तुमची वाटी आणि माझी वाटी एक नाही. भाजीत चालतं, केकमध्ये चालत नाही. छोटा वजनकाटा घ्याच.

घरचं लोणी वापरणाऱ्यांनी ताक पुरतं काढून टाकावं, नाहीतर केक जड होतो. लोणीच नसेल, घरात साजूक तूप असेल, तर तेही चालतं. लोण्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी नसतंच. म्हणून 225 ग्रॅम लोण्याच्या जागी 180 ग्रॅम थिजलेलं तूप आणि वर 45 ग्रॅम दूध, असा हिशोब धरा. तुपाच्या केकला वेगळाच खमंग वास येतो. माझ्या मते तो लोण्याच्या केकपेक्षा सरस लागतो, पण हे ज्याच्या त्याच्या जिभेवर.

लोणी-साखर पांढरट, हलकी होईपर्यंत फेसली, की अंडं थोडं थोडं घाला. एकदम ओतलं तर मिश्रण फाटतं. फाटलंच, तर चमचाभर मैदा घालून पुन्हा फेटा, सावरतं. मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र चाळून शेवटी, हलक्या हातानं. इथं जोर लावला की मैद्याला चिवटपणा येतो. ओव्हन आधी तापवून 180 अंशांवर, साधारण 25 मिनिटं.

आता अंड्याचा प्रश्न. आपल्याकडं माळकरी घरं पुष्कळ. काही घरांत अंडं ओट्यावर चालत नाही, काही घरांत फक्त गुरुवारी चालत नाही. त्यांच्यासाठी दह्याचा केक. इथला कप म्हणजे केकच्या मापाचा, चहाचा नाही. एक कप गोड दही, पाऊण कप साखर, अर्धा कप वास नसलेलं तेल, दीड कप मैदा, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खायचा सोडा. इथं दह्याची आंबटाई आणि सोडा भेटले की फसफस लगेच सुरू होते, म्हणून मिश्रण तयार झालं की थेट ओव्हनमध्ये. मध्ये फोन घ्यायचा नाही. हा एक थर झाला, दोन थरांना माप दुप्पट करा. बेकिंग पावडरीची जन्मकथासुद्धा अशीच घरगुती आहे. आल्फ्रेड बर्ड नावाचे इंग्रज औषधविक्रेते होते, बर्मिंगहॅमचे. त्यांच्या बायकोला अंडं आणि यीस्ट सोसत नव्हतं. तिच्यासाठी त्यांनी आधी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि 1843 मध्ये बेकिंग पावडर.

तेलाच्या केकचा आणखी एक गुण आहे. लोण्याचा केक फ्रीजमध्ये कडक होतो, तेलाचा मऊच राहतो. उन्हाळ्यात क्रीमचा केक फ्रीजमधून काढून लगेच खायचा असतो. त्यामुळं मे महिन्यात, अंडं चालत असो वा नसो, मी तेलाकडंच झुकते.

ओव्हन नसेल, किंवा लाईटच नसेल तर? घरातला इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवतो, ओव्हन ओढत नाही. अशा वेळी जाड बुडाचं जुनं भगुनं घ्या, तळाशी जाड मिठाचा थर, त्यावर जाळी, वर घट्ट झाकण. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवायचं, मग डबा ठेवून मंद आच. पाऊण तास तरी धरा. कुकर वापरलात तर शिट्टी आणि रबरी रिंग आठवणीनं काढून ठेवा. पण रोजचा कुकर ह्या कामाला नको, कोरडा तापवून तो खराब होतो.

केक मध्ये फुगून घुमटासारखा का होतो? डब्याची कड आधी तापते, कडेचा केक आधी जमतो, मधला वर चढत राहतो. थर रचायचे तर सपाट हवेत. जुन्या सुती साडीची चार बोटं रुंद पट्टी फाडा, ओली करून पिळा, डब्याच्या बाहेरून गुंडाळा आणि पिन लावा. कड उशिरा तापते, केक सपाट येतो. हे फक्त ओव्हनमध्ये, गॅसवर मुळीच नाही.

केक झाला की नाही, ते काडी घालून सगळेच बघतात. मला कानाची खूण जास्त पटते. डबा बाहेर काढून कान जरा जवळ न्या, भाजणार नाही इतकाच. आतून बारीक चुरचुर ऐकू येते. ती जोरात असेल तर ओल अजून उडते आहे, पाच मिनिटं परत ठेवा. अगदी मंद झाली की केक झाला. थोडी सवय झाली, की घड्याळापेक्षा ह्या आवाजावर विश्वास बसतो.

दहा मिनिटांनी डब्यातून काढून जाळीवर. आणि इथं परत तीच खोली आडवी येते. 36 अंशांच्या स्वयंपाकघरात ‘गार झालेला’ केक क्रीमच्या दृष्टीनं गरमच असतो. गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये ठेवा, मगच हात लावा. गार केक कापतानाही भुगा कमी पडतो. जाड थराचे दोन करायचे तर सुरीऐवजी दोरा वापरा. कडेला सगळीकडून सारख्या उंचीवर काड्या टोचा, दोरा त्यांच्यावरून फिरवा, पुढं टोकांची फुली करून दोन्हीकडं ओढा. सरळ कापला जातो.

थरांमध्ये काय घालायचं? मे महिन्यात हा प्रश्नच पडू नये. आपल्या मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकन आहे. पण रस तसाच भरला तर वरचा थर घसरतो. रस थोड्या साखरेबरोबर जाड बुडाच्या कढईत आटवा, पळीवरून सहज ओघळणार नाही इतका. थेंबभर लिंबू पिळा आणि पूर्ण गार करा. भरताना थराच्या कडेनं आधी घट्ट क्रीमचं कडं काढायचं, आत आंबा. जालन्याची मोसंबी मिळाली तर थर भिजवायच्या साखरपाण्यात तिचा रस घाला, मात्र काढल्याबरोबर. ठेवला की कडवट होतो. दिवाळीच्या आसपास बीडचं सीताफळ येतं. त्याचा गर शिजवू नये, गारच क्रीममध्ये मिसळावा. भूम भागातला खवा हाती लागला तर तोही थोड्या क्रीममध्ये फेटून बघा. हा केक माझ्याकडं आंब्याच्या केकपेक्षा लवकर संपतो.

आता बाहेरचं लिंपण. लोण्याचं क्रीम चवीला उत्तम, पण लोणी 32 ते 35 अंशांत वितळतं. ते जानेवारीसाठी ठेवा. लहानपणी बेकरीतून यायचा त्या केकवरचा गुलाबी गुलाब आठवतो? उन्हातही हलायचा नाही. तो वनस्पती तुपाचा असायचा, शरीराच्या उष्णतेलाही नीट वितळत नाही असा. टिकतो खरा, पण टाळूला चिकटून बसतो. मला तो नको. विकत मिळणारं वनस्पतीजन्य व्हिपिंग क्रीम मधला मार्ग आहे. ते फ्रीजरमधून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये आणा, बर्फाचे कण थोडे उरलेले असतानाच भांडं बर्फावर ठेवून फेटा, आणि टोक उभं राहिलं की थांबा. पुढं फेटत राहिलात तर रवाळ होतं.

सगळ्यात भरवशाचं म्हणजे चॉकलेट गनाश. दोन भाग डार्क चॉकलेट, एक भाग क्रीम. क्रीम उकळी येण्याआधी उतरवा, चिरलेल्या चॉकलेटवर ओता, दोन मिनिटांनी मधून बाहेर ढवळत या. थिजलं की भिंत उभी राहते. पांढरं चॉकलेट असेल तर तीनास एक. दुपारचा कार्यक्रम असेल, तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

लावताना आधी अगदी पातळ हात द्या, भुगा त्यात अडकतो. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग जाड थर. फिरतं टेबल नसलं तरी पालथ्या भगुन्यावर ताट ठेवून फिरवता येतं. कडेला नवी स्टीलची पट्टी उभी धरायची आणि हात स्थिर ठेवून ताट फिरवायचं. कडेनं फिरणारा हात असेल, तर लाटा उठतात.

आणि आता गुलाब. ज्या मुलींचा मेंदीचा कोन चालतो, त्यांना पिशवी धरायला शिकवावं लागत नाही. दाब तोच, सोडायची वेळ तीच. फरक एवढा, की हाताच्या उबेनं पिशवीतलं क्रीम विरघळतं. म्हणून पिशवीत थोडंच भरा, दोन पिशव्या करा, एक फ्रीजमध्ये राहू द्या. सुरुवातीला गुलाबाचा हट्ट नको. चांदणीच्या नोझलनं कडेला एकसारखे शंख काढलेत, तरी केक देखणा दिसतो. रंग घालायचा तर जेलचा, पाण्याचा नाही. आणि फिका घाला, तासाभरात तो आपोआप गडद होतो.

केक गावाकडं न्यायचा असेल, तर रात्रभर फ्रीजमध्ये थिजवून पहाटे निघा. खोक्यात बाजूला बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. दोन थरांपेक्षा उंच केक असेल, तर आत जाड स्ट्रॉ केकच्या उंचीला कापून उभ्या रोवा, गतिरोधकावर थर सरकत नाहीत. खोका मांडीवर घेऊ नका, मांडी उतरती असते. गाडीत पायांजवळ, सपाट.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा, प्रत्येक कापाला. आणि एक विनंती, केक तोंडाला फासू नका हो. कुणीतरी पहाटे उठून केलेला असतो तो. उरलेला आंब्याचा केक झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. गनाशचा दोन-तीन दिवस चांगला राहतो.

पुढच्या वेळी बिनओव्हनची नानकटाई. नमस्कार.