४०० एकर, नाव लिंकहॉर्न

(लाँग रन ओढा. पाण्याचा आवाज.)

हा लाँग रन. केंटकीत, लुईव्हिल शहराच्या पूर्वेला. ओढाच तो, नदी म्हणावी इतकाही नाही.

इथं एक शेतकरी तीन मुलांना घेऊन रान साफ करत होता. झाडीतून गोळी आली आणि तो जागीच कोसळला. मधला मुलगा जोसाया मदत आणायला गढीकडे धावला. थोरल्या मॉर्डेकायनं झोपडीत शिरून बंदूक उचलली. धाकटा टॉमस बापाच्या देहापाशीच राहिला. हल्लेखोर, इथल्या मूळ रहिवासी ‘इंडियन’ लोकांपैकी एक, त्याला उचलायला आला, तेव्हा छातीवरचं चांदीचं पदक चमकलं. मॉर्डेकायनं नेम धरला तो त्या पदकावर.

(झोपडीची ओंडक्यांची भिंत. थोडं थांबून.)

ही घरात सांगितली जाणारी गोष्ट. टॉमसनं ती पुढं आपल्या मुलाला पुन्हा पुन्हा सांगितली. मुलाला नाव आजोबांचंच होतं, अब्राहम लिंकन.

१८५४ मध्ये टेनेसीतल्या एका नातलगाला लिंकननं लिहिलं, की घरात ऐकलेल्या सगळ्या गोष्टींत हीच मनावर सर्वांत पक्की कोरली गेली आहे. गोष्ट कोरली गेली होती. साल मात्र नाही.

(पत्रांची हस्ताक्षरं, जवळून.)

आपली माणसं कुठून आली, हे लिंकन स्वतः शोधत होता. १८४८ मध्ये, काँग्रेसमध्ये म्हणजे अमेरिकेच्या संसदेत असताना, त्यानं मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगमच्या एका लिंकन आडनावाच्या गृहस्थांना पत्रं लिहिली. हाताशी होतं ते एवढंच: आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम परगण्यातून केंटकीत आले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून व्हर्जिनियात गेले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, असं ऐकीव. त्याच्या मागं काही नाही. वडील लहानपणीच पोरके झाले, शिकले नाहीत, म्हणून घराची माहिती इतकी तोकडी, असं तो लिहितो. १६३७ मध्ये इंग्लंडहून आलेल्या सॅम्युएल नावाच्या विणकरापर्यंतचा धागा अभ्यासकांनी पक्का जोडला तो लिंकन गेल्यावर.

आपण मात्र आजोबांपाशीच थांबू. कारण त्यांचे कागद आहेत.

(जमिनीचा हुकूमनामा.)

मार्च १७८०. व्हर्जिनियाच्या खजिन्याकडून ४०० एकरांचा हुकूमनामा, किंमत १६० पौंड. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडत होती. हुकूमनामा म्हणजे जमीन नव्हे. तो घेऊन रानात जायचं, मोकळी जागा हेरायची, मोजणी करून घ्यायची, मग नोंद आणि शेवटी सनद. एकाच तुकड्यावर दोघा-तिघांचे हुकूमनामे पडायचे आणि कज्जे पिढ्यान्‌पिढ्या चालायचे.

आता नाव वाचा. अब्राहम लिंकहॉर्न.

कारकुनानं कानावर पडलं तसं लिहिलं. ‘लिंकन’ एवढंच शोधत बसणारा हा कागद हातात घेऊनही खाली ठेवील. जुनी दप्तरं चाळणाऱ्यानं डोळ्यांबरोबर कानही वापरायचे असतात.

(मोजणीचा कागद. झाडांच्या सालींवरून कॅमेरा सरकतो.)

दुसरा कागद मोजणीचा, ७ मे १७८५ चा. हद्दीच्या कोपऱ्यांना दगड नाहीत, झाडं आहेत. अंतर काठ्यांमध्ये. एक काठी साडेसोळा फूट. दोन काठ्या लांब, दोन काठ्या रुंद जागा धरली तर आपला गुंठा होतो, कारण दोन्हीकडे माप इंग्रजांचं. साखळी धरायला दोन माणसं. त्यांच्या पुढं एकजण कुऱ्हाडीनं झाडांवर खुणा करत जाणारा. तो खुणा करणारा कोण? कागद सांगतो, अब्राहम लिंकहॉर्न.

इथं जरा थांबा. १८६० च्या आत्मवृत्तात लिंकन आजोबांच्या मृत्यूचं साल अंदाजे १७८४ देतो. आणि १७८५ च्या मे महिन्यात आजोबा धडधाकट, हातात कुऱ्हाड घेऊन आपल्याच शिवाराच्या खुणा करताहेत! मृत्यू आता मे १७८६ चा धरतात. म्हणजे टॉमस तेव्हा सहा नव्हे, आठ वर्षांचा होता. राष्ट्राध्यक्षाची आठवण एका मोजणीदारानं दुरुस्त केली, याची मला तरी मौज वाटते.

(दफनभूमी. स्मारकाचा दगड.)

जागेचाही वाद आहेच. केंटकीतल्याच स्प्रिंगफील्ड गावाजवळचे काहीजण घटना आपल्याकडची सांगतात. विधवा बर्शेबा मुलांना घेऊन पुढं तिकडं राहायला गेली, तेव्हा गोष्टही तिच्याबरोबर गेली असणार. कागद लाँग रनच्या बाजूचे आहेत.

ज्या मूळ रहिवाशांच्या शिकारीच्या रानात ही मोजणी चालली होती, त्यांची बाजू परगण्याच्या दप्तरात नाही.

आणि वारसा? व्हर्जिनियाच्या जुन्या कायद्यानं जमीन थोरल्याकडे गेली. तो कायदा १ जानेवारी १७८७ ला संपला, थोडक्यात हुकलं. टॉमसच्या वाट्याला काही आलं नाही. पुढं स्वतः घेतलेल्या जमिनींच्या कज्ज्यांनी वैतागून त्यानं १८१६ मध्ये केंटकी सोडली.

(शेवटचा कागद. ओळीवरून ओळीवर, सावकाश.)

नेल्सन परगण्याच्या कोर्टातली ही यादी १७८९ ची. मयताच्या जंगम मालाची. दोन घोडे. गाई, वासरं. नांगर. तीन खुरपणीची कुदळं. जवसाचा धागा कातायचा चरखा. कथलाच्या बारा थाळ्या. बंदुका तीन. पिसांच्या गाद्या. एकूण ६८ पौंड, १६ शिलिंग, ६ पेन्स.

आणि एक कुऱ्हाड.