मानग्याला रडवू नका

नमस्कार श्रोतेहो.

आधीच सांगून टाकते, मी दातांची डॉक्टर नाही. दिवसा मी गोव्यात, फोंड्याला घरी बसून एका कंपनीसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहिते. रात्री जेवणं आटोपली, ओटा पुसला, की त्याच लॅपटॉपवर स्वतःचं काहीतरी करत बसते. नवरा त्याला माझी रात्रपाळी म्हणतो. या रात्रपाळीला पगार नाही, साहेब नाही, मुदत नाही. आजवर तिच्यातून चार-पाच गोष्टी निघाल्या. आईच्या भिशीचा हिशेब, गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची यादी, असलं काहीबाही. बहुतेक माझ्याशिवाय कुणी वापरत नाही. एकच वापरलं गेलं, ते दातांचं.

दातच का? तर माझी खालची, उजवीकडची एक दाढ नाही. दहा वर्षांची असताना ती काढावी लागली. त्याआधी दोन वर्षं ती किडत होती आणि घरात सगळे म्हणत होते, असू दे, दुधाची आहे, पडेल. ती दुधाची नव्हती. पक्की होती. गेली ती गेलीच.

आता जरा लक्ष देऊन ऐका, कारण हेच मी पुन्हा सांगणार आहे. मुलाचे पुढचे दात हलतात, पडतात, आपण ते कौलावर टाकतो, सगळ्या घराला कळतं. पण सहाव्या-सातव्या वर्षी पहिली पक्की दाढ येते ती कुणाला पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे मोकळी जागा असते, तिथे ती गुपचूप उगवते. खाली दोन, वर दोन. काही पडलेलंच नसतं, म्हणून नवीन आलंय हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मग ओळखायची कशी? समोरच्या दोन दातांच्या मधून मोजायला सुरुवात करायची आणि एका बाजूला मागे जायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचपर्यंत दुधाचे. सहावा पक्का. मधला एखादा पडलेला असेल तर त्याची रिकामी जागासुद्धा मोजायची. मधून मोजा, सहावा पक्का.

तर या दाढेच्या रागातून मी चवथीच्या सुट्टीत माहेरी बसून मुलांसाठी एक छोटं ॲप लिहिलं. शेजारी नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा डबा. (नेवऱ्यांना मी दोष देणार नाही, त्यांच्याकडे शेवटी येते.) ॲपमध्ये एक मगर. ती जबडा उघडून दोन मिनिटं उभी राहते, मुलानं तेवढा वेळ दात घासायचे आणि मग हिरवं बटण दाबायचं. संध्याकाळी सातपर्यंत बटण दाबलं नाही तर मगर रडते. हुंदक्याचा आवाज मी स्वतः काढलाय, स्वयंपाकघरात, दार लावून.

पहिल्याच आठवड्यात एका मुलाची आई म्हणाली, तुमची मगर पोराला सात मिनिटं सोडत नाही हो. शोधलं तर कळलं, तीस सेकंदांनी फोनची स्क्रीन विझायची आणि तिच्याबरोबर माझं घड्याळही झोपी जायचं. पोरगा बिचारा अंधाऱ्या फोनपुढे घासतोय. ते दुरुस्त केलं.

आणि एक. हे ॲप नाव विचारत नाही, फोन नंबर विचारत नाही. दात घासायला ओटीपी कशाला हवा? हल्ली पंख्याचा रिमोट घेतला तरी त्याला आपली जन्मतारीख हवी असते. मला ते पटत नाही, आणि ज्या घरात मी जेवते त्या घरातही मी हे बोलून दाखवते. माझ्याकडे फक्त एक क्रमांक येतो आणि बटण कधी दाबलं ती वेळ. बस्स.

आता खरी गोष्ट. माझी एक वर्गमैत्रीण आमच्याच तालुक्यात, खाजनाकाठच्या एका गावात मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या अठरा मुलांना तिने एकेक क्रमांक दिला आणि आम्ही दोन महिने बघायचं ठरवलं. पंधरा दिवसांत अर्ध्या मुलांनी मगरीला वाऱ्यावर सोडलं. शनिवार-रविवारी तर ती ओक्साबोक्शी रडायची. पण अकरा नंबर! अकरा नंबरचा एकही दिवस चुकला नाही. रोज बटण, रोज. मी हरखून गेले. मग वेळा बघितल्या.

सोमवारी रात्री १ वाजून १० मिनिटं. मंगळवारी २. बुधवारी २ वाजून ५० मिनिटं. गुरुवारी ३ वाजून ३५.

दुसरीतली मुलगी पहाटे साडेतीनला उठून दात घासते? मला वाटलं, चूक माझी. संगणकात वेळ साठवतात ती ग्रिनिचची, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. हे साडेपाच तास मिळवायचे राहतात, नाहीतर कुणीतरी दोनदा मिळवतं. या धंद्यात हा नेहमीचा घोळ. दोन रात्री मी तो शोधला. पण तसा घोळ असता तर चूक रोज सारखीच असती, आणि सगळ्यांचीच असती. इथे फक्त अकरा नंबर, आणि तोही रोज पाऊणएक तास पुढे सरकतोय. सरकत सरकत सकाळचे सात झाले, आणि दुसऱ्या दिवशी गडी परत संध्याकाळी सातला हजर. तिथून पुन्हा पुढे. पंधरा दिवसांत फेरी पूर्ण! मी फोन बदलून बघितला, घड्याळ बदलून बघितलं. शेवटी मैत्रिणीला म्हटलं, मला त्या घरी घेऊन चल.

अंगणात आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मुलीचे आईवडील कामाला गेलेले. फोन कुणाचा? आजोबांचा. आजोबांनी मानशीची मासळी पावणीत, म्हणजे लिलावात घेतलेली. ज्यांनी खाजन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी एक वाक्य: खाजन म्हणजे नदीकाठची सखल शेतं, नदीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि त्या बांधाला लाकडी झडपांचं दार, ती मानस. भरतीत झडपा मिटतात, सुकती, म्हणजे ओहोटी लागली की उघडतात, आणि आतलं पाणी मासळी घेऊन बाहेर धावतं. जाळं लावायचं ते तेव्हाच. आजोबा सुकतीच्या वेळेला उठणार, विजेरी म्हणून फोन घेणार. फोन उघडला की समोर काय? माझी मगर. डोळ्यांतून धारा.

भरती-सुकती रोज पाऊणएक तास पुढे जाते, श्रोतेहो. मला दोन रात्रींत सापडलं नाही ते आजोबांनी एका ओळीत सांगितलं. तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. दशमीला साडेसात. झालं! इतका आटोपशीर प्रोग्राम मला आजवर लिहिता आलेला नाही. (त्या खाजनात कोरगुट पिकतो. खारं पाणी सोसणारं भात. त्याची पेज ज्यानं खाल्ली त्याला दुकानातला पांढराधोप तांदूळ पुठ्ठ्यासारखा लागतो. हा आजचा विषय नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.)

मी विचारलं, आजोबा, पण बटण तुम्ही का दाबता? त्यांनी हातातलं जाळं खाली ठेवलं आणि मलाच विचारलं, “कित्याक गो बाय, ताका रडयता?” का गं बाई, त्याला रडवतेस?

आता बघा. आमच्याकडे दुर्भाट भागात पौष अमावास्येला मानगे थापणी असते. मानगे म्हणजे मगर. खाजनाच्या चिखलाची मगर थापतात, काठ्या-शिंपले लावून सजवतात, पूजा करतात. बांध राख, शेत राख, आम्हाला सांभाळ. हे माझ्याच तालुक्यातलं आणि मला ठाऊक असलेलं. तरी मी मगर निवडली ती कशासाठी, तर तिला दात भरपूर म्हणून. आणि ज्याची पूजा करायची त्या मानग्याला हा म्हातारा मध्यरात्री एकटा बांधावर जाताना रडताना बघणार! त्यांनी बटण दाबलं नसतं तरच नवल. दात घासण्याशी त्याचा काही संबंध आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. आजोबांच्या तोंडात दात नाही. एकही.

आणि नात? नात म्हणाली, मगर रडतच नाही, मग घासायचे कशाला?

दोन महिने मी दात घासणं मोजतेय असं समजत होते. मोजत होते भरती-सुकती.

गोष्ट इथे संपत नाही. मी म्हटलं, आले आहे तर बघू तरी, आ कर. फोनची विजेरी लावली. खाली डावीकडे मागे काळा ठिपका. आजोबा वाकून बघत म्हणाले, “दुदाचो दांत तो, पडटलो.” माझ्या आजीचंच वाक्य. मी त्यांचं बोट धरलं, जाळ्याच्या दोऱ्यांनी घट्टे पडलेलं बोट, आणि मोजायला लावलं. एक. दोन, इथे फट, तीही मोजा. तीन. चार. पाच. बोट ठिपक्यावर आलं. सहा. म्हटलं, आजोबा, हा पडायचा नाही. हा गेला तर मागून दुसरा येणार नाही.

ते काही बोलले नाहीत. गालाआड त्यांची जीभ स्वतःच्या हिरडीवरून फिरत होती, ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मासळी विकून पोरीला बसमध्ये घालून ते बांबोळीला दंत महाविद्यालयात गेले. हे महाविद्यालय १९८० सालचं. कीड खोल गेली नव्हती. साफ करून दाढ भरून दिली.

त्या गोष्टीने माझा अर्धा वेळ खाल्ला, नेहमीच खाते. उरलेलं भराभर सांगते.

सहावी दाढ उगवताना बाकीच्या दातांपेक्षा बुटकी असते, ब्रश तिच्यावरून नुसताच निघून जातो. म्हणून त्या एका दाढेसाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालायचा. वरच्या खाचा खोल असतात, डॉक्टर त्या लेपाने बुजवून देतात, त्याला सीलंट म्हणतात. कीड लागायच्या आधी विचारा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्या माणसाने धरायचा. त्याच्या हातात देऊन आपण मोबाइल बघायचा नाही. फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पिळतात ती पेस्ट खपवायला. घासून झालं की थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड सगळं मोरीत. आणि रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. झोपेत लाळ कमी सुटते, दातांना राखण नसते. रात्री घासले की मग पाण्याशिवाय काही नाही.

हां, नेवऱ्या. गोड खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, आणि ते निवायला अर्धाएक तास लागतो. पाच नेवऱ्या जेवणाबरोबर एका बैठकीत खाल्ल्या तर दातांवर एकच हल्ला. त्याच पाच येता-जाता दिवसभर खाल्ल्या तर पाच. तेव्हा खा, पण बसून खा. जत्रेतल्या खाज्यालाही हेच. खरा त्रास चहात बुडवलेल्या बिस्किटांचा, ती लगदा होऊन दाढेत बसतात आणि दिवसातून चारदा येतात. त्यापेक्षा पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा कडक उंडा बरा, चावावा तरी लागतो.

ॲप मी बदललं. हिरवं बटण काढलं, रडणं काढलं, सलग दिवसांची मोजणीही काढली. आता मगर जबडा उघडते आणि मोठ्या माणसाला सांगते, पोराच्या तोंडात बोट घाल, मधून मोज. सहापर्यंत पोचलं की दोन मिनिटं सुरू होतात. घासले की नाही ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

बदल केल्यावर आठवड्याने मैत्रिणीचा फोन आला. आजोबा शाळेच्या फाटकाशी येऊन गेले होते. विचारत होते, रात्री मानग्याचा आवाज येत नाही, बरा आहे ना?

मी म्हटलं, सांग त्यांना, झोपलाय.

नमस्कार.