काळी वायर कुठे जाते?

(मालवणातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर फळ्यावर विषय लिहिलाय ‘गाडीच्या वायरिंगवर डॅशकॅम कसा बसवावा’. डॅशकॅम म्हणजे पुढच्या काचेवर बसून रस्ता रेकॉर्ड करणारा कॅमेरा. तो सांगणारच आहे. त्याआधी पाचच मिनिटं काळ्या वायरीबद्दल बोलू द्या. संयोजकांनी आत्ताच कपाळाला हात लावला, तो मी पाहिला नाही असं धरून चालू.

डॅशकॅम कायमचा जोडायचा तर हार्डवायर किट घ्यावं लागतं. त्यातून तीन वायरी निघतात. पिवळी वायर चोवीस तास चालू असलेल्या प्लसला, लाल वायर चावी फिरवल्यावर येणाऱ्या प्लसला आणि काळी बॉडीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी पत्र्याला, कारण बॅटरीचा मायनसही तिथेच जोडलेला असतो. मध्ये काड्यापेटीएवढी डबी असते. ती गाडीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करते, कारण बहुतेक कॅमेरे ५ वर चालतात. रंग बहुतेक वेळा हेच असतात, तरी वायरीवरचं लेबल वाचा. आता पिवळी कुठे आणि लाल कुठे यावर माणसं रात्र रात्र व्हिडिओ बघतात, गॅरेजवाल्याशी वाद घालतात. काळीबद्दल एक प्रश्न येत नाही. काळी म्हणजे ‘मार रे बॉडीला कुठंतरी’.

चतुर्थीला गावी येणारा चाकरमानी येण्याचं तिकीट बुकिंग उघडल्या मिनिटाला काढतो. परतीचं? ‘बघू मग’. आणि मग सातव्या दिवशी कुडाळ स्टेशनावर काय दृश्य असतं ते तुम्हाला सांगायला नको. करंटलाही परतीचं तिकीट लागतं. बॅटरीच्या प्लसमधून निघालेला करंट कॅमेऱ्यातून फिरून मायनसला परत पोचला तरच कॅमेरा चालतो. जायची वाट चांगली तांब्याची असते. परतीच्या वाटेवर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी), बोल्ट, पत्रा आणि या तिघांच्या मध्ये कंपनीनं प्रेमानं मारलेला रंग.

अशी परतीची वाट पुण्यात वर्षानुवर्षं निभावते. मालवणात नाही निभावत, आणि त्याचं कारण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते ना? हवेतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. आपल्याकडे तेवढा दमटपणा जूनपासून मुक्कामाला असतो. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोल्टवर बसतं, रात्री पाझरतं, दुपारी सुकतं, परत पाझरतं. लग तांब्याचा, पत्रा लोखंडाचा, मध्ये खारं पाणी. दोन धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे शाळेतली बॅटरीच झाली की. त्यात झिजतं ते लोखंड. लगखाली गंजाचा पापुद्रा धरतो आणि गंजातून करंट नीट जात नाही.

इथे टुरिस्ट गाडीवाले बरेच बसलेत, म्हणून आणखी एक. पाहुणे तारकर्लीला स्कूबा करून येतात आणि ओल्या चड्डीनिशी सीटवर बसतात. ते पाणी मॅटखालच्या गालिच्यात जातं. बऱ्याच गाड्यांत अर्थचे, म्हणजे काळ्या वायरी बॉडीला जोडायचे, बोल्ट नेमके पायापाशी, दरवाज्याच्या उंबऱ्यालगतच्या प्लॅस्टिक पट्टीमागे असतात. म्हणजे आपण समुद्र गाडीत आणून अर्थवर ओततो. डिकीत पापलेटाचा बर्फ वितळतो ती गोष्ट वेगळी, त्याचा निदान वास तरी येतो.

ही वायर जरा पुढच्या रांगेपासून फिरवा. टोकाला हिरवी दिसते ते सगळ्यांना माहीत आहे. पण मी ब्लेडनं वरचं प्लॅस्टिक वीतभर उभं चिरून ठेवलंय, तिथे आत बघा. तांबं काळं पडलंय. टोकाकडून आत शिरलेलं पाणी बारीक तारांच्या फटींमधून वर चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. म्हणून जुनी वायर परत वापरायची तर हिरवं टोक अर्धा इंच कापून भागत नाही. तांबूस, चकचकीत तार दिसेपर्यंत कापत जावं लागतं. काळ्या तारेवर सोल्डर धरत नाही, आणि क्रिंप केलं, म्हणजे लग पकडीनं दाबून बसवला, तरी आत तोच काळा थर राहतो.

याचा कॅमेऱ्याला त्रास काय? हिशोब सोपा आहे. गाडी उभी असताना पार्किंग मोडमध्ये कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खातो. अर्थच्या सांध्यात फक्त १ ओहम अडथळा तयार झाला तर तिथे ०.३ व्होल्ट पडतात. बॅटरी पार उतरू नये म्हणून किट तिचा व्होल्टेज मोजत राहतं आणि तो ठरलेल्या आकड्याखाली गेला की कॅमेरा बंद करतं. पण ते मोजतं स्वतःच्या काळ्या वायरीपासून. तुम्ही १२.४ वर बंद होण्याची सेटिंग ठेवली असेल तर बॅटरी खरोखर १२.७ ला असतानाच किटला १२.४ दिसतात आणि ते कॅमेरा बंद करतं. पूर्ण भरलेली, निवांत उभ्या गाडीतली बॅटरी असतेच १२.६ ते १२.७. म्हणजे तुम्ही गाडी लावून जेवायला बसता आणि भात वाढून होईपर्यंत कॅमेरा झोपलेला. मग कॅमेरा बदलतात. मग बॅटरी बदलतात. बोल्टकडे कुणी बघत नाही!

दुसरा त्रास धक्क्याचा. गंजलेला सांधा सपाट रस्त्यावर ठीक असतो. करूळ घाटात चाक खड्ड्यात गेलं की क्षणभर सुटतो. कॅमेऱ्यात छोटी बॅटरी किंवा सुपरकपॅसिटर असतो, तो चालू फाइल बंद करण्यापुरता जीव धरतो. पण कॅमेरा परत उठून रेकॉर्डिंग धरेपर्यंत काही सेकंद जातात, आणि धक्का बसल्यानंतरची तीच सेकंदं तुम्हाला विम्यासाठी हवी असतात.

आणि तपासणी कशी करतात? मल्टीमीटर बझरवर लावतात, ‘पीं’ झालं, ‘वाजता मां? मगे झाला!’ अहो, बहुतेक मीटरांचा बझर तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. आपलं काम एका ओहमला बिघडतंय. बझरवर अर्थ पास करणं म्हणजे घरात दिवा लागतो म्हणून विहिरीचा पंप चालेल असं म्हणणं. खरी परीक्षा अशी: कॅमेरा चालू ठेवा, गाडीचे हेडलाइट आणि ब्लोअरही लावा. मीटर डीसी व्होल्टच्या सगळ्यात खालच्या रेंजवर. एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरी काळ्या वायरीच्या लगवर. लांब वायर जोडून घ्या. ५० मिलिव्होल्टच्या आत आलं तर उत्तम. १०० च्या वर गेलं तर बोल्ट उघडा.

बोल्ट कुठला? कंपनीनं स्वतः अर्थसाठी दिलेला, ज्यावर आधीच तपकिरी किंवा काळ्या वायरी एकत्र आलेल्या दिसतात. बहुतेक वेळा दहा नंबरचा पाना लागतो, म्हणजे ६ मिलिमीटरचा बोल्ट. त्याला ६ च्याच भोकाचा रिंगवाला लग घ्या. किटसोबत येणारा उघड्या तोंडाचा लग आपल्याकडे वापरू नका, तो ढिला झाला की निसटतो. पिवळ्या आवरणातल्या वायरी जिथे जातात तो बोल्ट एअरबॅगचा असू शकतो, त्याला हात नाही. सीटबेल्टचा आणि सीटचा बोल्ट तर नाहीच. तो ठरावीक ताकदीनं आवळलेला असतो, आणि तो ढिला राहिला तर व्हिडिओ बघायला तुम्ही असालच असं नाही. प्लॅस्टिक पॅनेल धरणारा स्क्रू दिसतो लोखंडाचा, पण पुष्कळदा तो प्लॅस्टिकच्या खुंटीतच घुसलेला असतो.

रंग असेल तर लग बसेल तेवढीच गोल जागा पॉलिश पेपरनं उघडी करा. जास्त खरवडलं तर तिथून पत्रा सडेल. दातेरी वॉशर, मग लग, मग घट्ट आवळा. आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा जाड लेप. आधी धातूला धातू लागू दे, मग वरून झाका. आणि एक सूचना नव्या गाड्यांसाठी: इंजिन सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक सेन्सर असतो. काळी वायर थेट त्या खांबावर जोडली तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा बॅटरीचा हिशोब चुकतो. बॉडीवरच जोडा.

आता काळ्या टेपबद्दल. नाही, टेपबद्दल बोलल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. दोन वायरी पिळायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची, ही आपली राष्ट्रीय पद्धत. मे महिन्यात बंद गाडीत तिचा गोंद वितळतो, टेप सरकते, पिळलेली तार उघडी पडते आणि वर चिकट काळं मेण राहतं त्यावर जांभ्याची लाल धूळ बसते. तिच्याच पंक्तीला बसणारी निळी क्लिप, जी चालू वायरीवर दाबली की आतली पट्टी प्लॅस्टिक फाडून तारेला टेकते. ती काही तारा कापते आणि वायरीला पाण्यासाठी दार करून देते. क्रिंपचा जोड, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, हेच इथे टिकतं. वायरिंगच्या जुडग्याला बांधायला कापडी टेप.

संयोजक उभे राहिलेत. दहा मिनिटं? सात? बरं, मूळ विषय सातात.

पहिलं, मोजमाप आधी आणि बॅटरी नंतर काढायची. फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. उजव्या स्टिअरिंगच्या बऱ्याच गाड्यांत तो डॅशबोर्डखाली चालकाच्या गुडघ्याजवळ असतो. टेस्ट लॅम्पनं शोधा: चावीनं चालू-बंद होणारा फ्यूज लाल वायरीला, उदाहरणार्थ चार्जिंग सॉकेटचा, कायम चालू असणारा पिवळीला, हॉर्न किंवा हॅझार्डसारखा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबून परत तपासा, कारण आतल्या दिव्यासारखी काही सर्किट कायम चालू वाटतात पण थोड्या वेळानं गाडीच ती बंद करते. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या कंप्युटरचे फ्यूज सोडून द्या. मग मायनस टर्मिनल काढा आणि काही मिनिटं थांबा.

दुसरं, वायर कापायची नाही, फ्यूज टॅप वापरायचा, म्हणजे फ्यूजच्या खाचेत बसून तिथून जादा वायर काढून देणारा जोड. गाडीतल्या फ्यूजच्या मापाचाच घ्या. मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो ही मापं दिसायला सारखी वाटतात पण एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि बसवलीच तर खाच पसरते. टॅपमध्ये दोन घरं असतात. पायांजवळच्या घरात मूळ फ्यूज, वरच्या घरात कॅमेऱ्याचा, २ किंवा ३ अँपिअरचा. टॅप उलटा बसला तर कॅमेऱ्याचा करंट मूळ फ्यूजमधूनही जातो. ओळखायचं असं: बॅटरी जोडून खालचा मूळ फ्यूज काढा. टॅपच्या वायरीवर १२ व्होल्ट राहिले तर बरोबर, गेले तर टॅप फिरवून बसवा.

तिसरं, बॅटरी. ०.३ अँपिअर म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी ३५ ची. गाडी पाच दिवस आवारात उभी ठेवून तुम्ही आरत्या म्हणताय, हिशोब झाला ३६. निवांत बॅटरीला १२.२ दाखवलं की ती साधारण निम्मी उतरली, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. म्हणून कटऑफ, म्हणजे किटनं कॅमेरा बंद करायचा आकडा, १२.२, आणि बॅटरी तीन वर्षांवर गेली असेल तर १२.४. बरेच दिवस गाडी हलणार नसेल तर पिवळ्या वायरीचा फ्यूज काढून ग्लोव्ह बॉक्सात ठेवा. वायर इंजिनच्या बाजूनं बॅटरीपर्यंत नेऊ नका. पावसाळ्यात तिथे उंदीर राहायला येतात.

चौथं, वायरीचा रस्ता. आरशामागून वरच्या लाइनिंगच्या कडेत बोटानं सरकवा, मग पिलरकडे, म्हणजे काचेच्या बाजूच्या खांबाकडे. पिलरवर ‘एअरबॅग’ लिहिलं असेल तर वायर एअरबॅगच्या मागून, मूळ वायरिंगच्या जुडग्याला बांधून न्यायची. पुढून गेली तर एअरबॅग उघडताना वायर मध्ये येते. तिथून दरवाज्याच्या रबर बीडिंगखालून फ्यूज बॉक्सकडे. उरलेली वायर आठाच्या आकारात गुंडाळून पेडलपासून लांब बांधा. रेडिओ खरखरायला लागला तर डबी अँटेनाच्या वायरीपासून दूर न्या.

पाचवं, कॅमेरा वायपर फिरतो त्याच भागात चिकटवा, नाहीतर पावसाळ्यात चार महिन्यांचं धुकं रेकॉर्ड होईल. काच स्पिरिटनं पुसून, पूर्ण कोरडी करून, दाबून धरा. दमट काचेवर टेप आठवडाभरात सोडते. कॅमेरा शक्यतो सुपरकपॅसिटरवाला, आतली लिथियम बॅटरी मेच्या उन्हात फुगते. मेमरी कार्ड हाय एंड्युरन्स लिहिलेलं घ्या आणि महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा.

प्रश्न बाहेर ओटीवर घेऊ. ती हिरवी वायर सध्या कुणाकडे आहे? मागच्या रांगेत? ती इकडे द्या, आणि ज्यांनी हाताळली त्यांनी चहाआधी नळावर हात धुवून या, तांब्याचा गंज पोटात गेलेला बरा नव्हे.