कुलूप लावण्याआधी नळ रिकामे करा

सरपंचताई, वाचनालयाचे अध्यक्ष आणि गावकरी मंडळी,

दिवाळी सरली की आपली पुण्या-नागपूरकडची पोरं गावच्या घराला कुलूप लावून जातात. ते उघडतं थेट उन्हाळ्यात. लोक चोराची काळजी करतात. मला काळजी वाटते ती नळात उभ्या असलेल्या पाण्याची.

श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी असते. नळातलं पाणी गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि पाइप फुटतो. बर्फ वितळला की मग कळतं. म्हणून थंड मुलखात घर बंद करताना आधी नळ रिकामे करतात. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी नळ काही गोठले नाहीत. मग आपल्याला काय त्याचं, असं लोक म्हणतात. इथंच माझं भांडण आहे.

आमच्या मावशीचं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. पोरं निघाली त्या सकाळी मोरीतली तोटी उघडली, पाणी नव्हतं. गावात नळ दिवसाआड येतो, हे तुम्हाला सांगायला नको. तोटी तशीच उघडी राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. मोरीच्या तोंडात चिंधी अडकलेली, त्यामुळे पाणी माजघरात शिरलं आणि दर पाळीला शिरत राहिलं. शेजारच्या काकूंना बाहेरच्या भिंतीवर गुडघ्याएवढी ओल दिसली तेव्हा कुठं कुलूप तोडलं. शेणानं सारवलेली जमीन हाताला चिखलासारखी लागत होती, धान्याची कोठी खालून कुजलेली, दाराच्या सागवानी चौकटीला उधई. पुढं पावसाळ्यात ती भिंत बसली. सगळे पोरांवर चिडले. मी म्हणतो, नळजोडणी घेताना घराबाहेर एक कॉक बसवला असता तर? हजारो रुपयांची फरशी बसवतो आपण, आणि कॉकाला नाही म्हणतो!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मुद्द्याचं भराभर सांगतो. बाहेरचा कॉक बंद करा, टाकी आणि सगळे नळ रिकामे करा, मग तोट्या आठवणीनं बंद करा. टाकी पुसून झाकण घट्ट लावा. साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार होतात. गच्चीवरचा प्लास्टिकचा पाइप उन्हानं ठिसूळ होतो, त्याला रंग द्या किंवा झाका. काळ्या मातीत पुरलेल्या पाइपाखाली-वर वाळू घाला, कारण ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि सांधे ओढते. मोरीच्या जाळीखालचं पाणी आटलं की झुरळं वर येतात. निघताना तांब्याभर पाणी ओतून वर थोडं गोडेतेल सोडा, म्हणजे ते लवकर आटत नाही. मोटारीचा मेन स्विच बंद करा. एक किल्ली शेजारी द्या, आणि बाहेरचा कॉक कुठं आहे ते त्यांना हाताला धरून दाखवा.